आमसुलावरचं पांढरं: मीठ की बुरशी, हे ठरवण्याचा क्रम

पाऊस ओसरून ऑक्टोबरचं ऊन तापायला लागलं की ओळखीच्या दोन-तीन घरांतून मला हमखास एक फोटो येतो. आमसुलांची उघडी बरणी, काळ्याजांभळ्या सालींवर पांढरं काहीतरी, आणि खाली एकच प्रश्न: टाकू का? मी विचारते, हात लावलास का? उत्तर बहुतेक वेळा ठरलेलं. "हो, पुसून उन्हात घातलीत." झालं! ज्यावरून काही कळलं असतं तेच पुसून टाकलेलं असतं.

चुका दोन्हीकडून होतात. कोणी नुसतं मीठ फुललेली, दोन वर्षं मुरलेली सोलं, म्हणजे आमसुलंच, कचऱ्यात ओततं. कोणी "अगं, मीठ आहे ते" म्हणून बुरा आलेली सोलं आमटीत घालतं. तिसरी चूक फारशी कोणाच्या लक्षात येत नाही, ती म्हणजे एका सालीवर मीठ निघालं म्हणून अख्खी बरणी पास करणं. मीठ आणि बुरशी एकाच बरणीत सुखानं नांदतात. म्हणून मीठ सापडलं की तपासणी थांबवायची नाही. आपण शोधतोय ती बुरशी.

आधी नजर, मग वास, मग भिंग, मग काडी, शेवटी पाणी. हा क्रम उलटा केला तर आधीच्या टप्प्याचा पुरावा हाताशी उरत नाही. चव या यादीत कुठेच नाही.

पांढरं वर येतं कसं

एवढं समजून घेतलं तर पुढचे निम्मे घोळ होत नाहीत.

सोलं करताना रातांब्याच्या, म्हणजे कोकमाच्या फळाच्या, गराच्या रसात मीठ घालतात. साली त्यात बुडवायच्या, वाळवायच्या, परत बुडवायच्या. अशी पुटं चढत जातात तसं मीठ सालीत मुरतं. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास पोचली की मीठ हवेतलं पाणी ओढून विरघळायला लागतं. खडेमिठात मॅग्नेशियम क्लोराइडचा अंश असतो, तो तर ३३ टक्के आर्द्रतेलाही पाणी धरतो. जुलै-ऑगस्टमध्ये सोलं ओलसर, चिकट होतात ती यामुळे. पुढे हवा कोरडी झाली की सालीतलं पाणी बाहेर येऊन उडून जातं. त्याच्याबरोबर पृष्ठभागापर्यंत आलेलं मीठ उडू शकत नाही, ते तिथेच खडे धरून बसतं. यालाच आपण मीठ फुललं म्हणतो.

आता बुरशीचं. बहुतेक बुरश्यांना वाढायला मिठाच्या गच्च पाण्यात मिळतो त्याहून जास्त ओलावा लागतो. पण काही बुरश्या मीठ सोसणाऱ्या असतात आणि त्याहून कमी ओलाव्यातही तग धरतात. खारवलेल्या सुक्या मासळीवर तपकिरी ठिपके दिसतात ते अशाच एका बुरशीचे. "एवढ्या मिठात काय बुरशी येणार" आणि "एवढ्या आंबटात काय बुरशी येणार" ही दोन्ही वाक्यं डोक्यातून काढून टाका. लिंबाला हिरवी बुरशी येते ती आपण सगळ्यांनी पाहिलेली आहे.

टप्पा १: तयारी, बरणी उघडण्याआधी

आधी आठवा, किंवा जिच्याकडून आणली तिला फोन करून विचारा: या सोलांना मीठ लावलं होतं का? मीठ न लावता नुसत्या वाळवलेल्या सालीही बाजारात मिळतात. तुमच्याकडची तशी असतील आणि त्यांवर पांढरं आलं असेल, तर ते मीठ असायचं कारणच नाही. बुरशी धरून चाला आणि थेट टप्पा ७ वर जा.

मग हे जवळ घ्या:

- एक काळी किंवा गडद निळी बशी. पांढरं पांढऱ्यावर दिसत नाही, आणि लोक नेमकी स्टीलची ताटली घेऊन बसतात.
- मोबाइलचा टॉर्च. घरातल्या दुसऱ्याचा मोबाइल मिळाला तर उत्तम, एकानं उजेड धरायचा आणि दुसऱ्यानं फोटो काढायचा.
- दहापट मोठं दाखवणारं भिंग, सोनार किंवा घड्याळजी डोळ्याला लावतात तसं. ते नसेल तर मोबाइलचा मॅक्रो कॅमेरा चालतो.
- चार-पाच दातकोरण्या.
- उकळून पूर्ण गार केलेलं पाणी आणि औषधाच्या बाटलीतला ड्रॉपर.
- चिमूटभर साधं मीठ. हे साक्षीदार म्हणून लागणार आहे.
- नाकातोंडावर मास्क, जुनं वर्तमानपत्र, एक पिशवी.

हात कोरडे हवेत. पंखा बंद करा. बुरशी असेल तर तिचे बीजाणू, म्हणजे ती जिच्यातून पसरते ती बारीक पूड, स्वयंपाकघरभर उडवण्यात अर्थ नाही.

> सावधान: घरात कोणाला दमा असेल किंवा कोणाची प्रतिकारशक्ती औषधांमुळे कमी झालेली असेल, तर त्यांनी हे काम करू नये. खोलीतही थांबू नये.

बरणी फ्रिजमध्ये होती का? मग ती न उघडता तीन-चार तास बाहेर ठेवा. गार बरणी दमट हवेत उघडली की आतल्या सालींवर दव धरतं, मीठ विरघळतं, आणि तुम्ही तपासायला बसता तेव्हा खडे गायब झालेले असतात.

टप्पा २: हात न लावता बघणं

झाकण हळूच काढा आणि आधी झाकणाचीच आतली बाजू बघा. तिथे पाण्याचे थेंब किंवा ओलसर डाग असतील तर संशय वाढवा. ॲल्युमिनियमचं झाकण असेल तर त्यावरच पांढरट पूड धरलेली दिसेल. मीठ आणि आंबट वाफ यांनी ॲल्युमिनियम खाल्लं जातं, त्याची ती पूड असते. खाली पडून ती सालींवर बसते आणि लोकांना चकवते. ती मीठही नाही, बुरशीही नाही, आणि पोटात जावी अशीही नाही.

आता टॉर्च वरून सरळ मारू नका. बरणीच्या कडेपासून, जवळजवळ आडवा धरा. उजेड तिरका पडला की मीठ लुकलुकतं. मोबाइल जरा हलवला की एक कण विझतो, दुसरा चमकतो. खड्यांच्या सपाट बाजू आरशासारख्या वागतात, त्यामुळे असं होतं. बुरशी उजेड गिळते. ती मंद, मखमली, कापसाच्या वातीसारखी दिसते आणि तिरक्या उजेडात तिची सावली पडते, कारण ती सालीपासून उभी वाढलेली असते.

पसरण्याची तऱ्हाही बघा. मीठ जिथे जिथे साल हवेला लागते तिथे थोडंफार सगळीकडे असतं, सालीच्या कडांवर आणि उंचवट्यांवर जरा जास्त. बुरशी बेटाबेटांनी येते. एक गोल, त्याच्या मध्याला रंग, कडेला पांढरी झालर, पुढे दुसरा गोल. एका सालीवरून दुसरीवर पूल बांधल्यासारखे धागे गेलेले दिसले तर पुढे फारसं तपासायला नको.

रंगाच्या बाबतीत मात्र घाई करू नका. मीठ शुभ्रच असतं असं नाही. आमसुलाचा रंग चढून ते गुलाबी किंवा फिकट जांभळं होतं, आणि हे बघून पुष्कळ जणी घाबरतात. उलट बुरशी सुरुवातीला पांढरीच असते. हिरवा, राखाडी, पिवळा, काळा हे रंग तिला बीजाणू धरल्यावर चढतात. हिरवट किंवा काळी पूड दिसली तर निर्णय झाला. पांढरं आहे एवढ्यावरून मात्र कुठलाच निर्णय होत नाही.

> तपासा: या टप्प्याला बरणीचे तीन फोटो काढलेत का? वरून, कडेनं, झाकणाच्या आतून. पुढे साली हलल्या की हे चित्र परत मिळत नाही.

टप्पा ३: वास

नाक बरणीत खुपसू नका. मास्क थोडा खाली घेऊन, बरणी हातभर लांब धरून, हातानं वारा आपल्याकडे घ्या आणि एकदाच हुंगा. चांगल्या जुन्या आमसुलाचा वास आंबट-खारट असतो, त्यात चिंचेसारखी थोडी गोडसर छटा असते. बुरशीचा वास कुबट येतो, बंद माळ्यावरच्या ओल्या गोणपाटासारखा किंवा पावसात भिजून वाळलेल्या पुस्तकासारखा.

वास कुबट आला तर तो पुरावा धरा. वास चांगला आला तर तो पुरावा नव्हे. आमसुलाचा आंबटपणा इतका तीव्र असतो की सुरुवातीच्या बुरशीला तो सहज झाकतो. दारूसारखा किंवा फसफसलेल्या ताडीसारखा वास आला तर तिथे यीस्टनं काम सुरू केलेलं आहे. सोलं नीट वाळलेली नव्हती असा त्याचा अर्थ. तीही ठेवू नका.

टप्पा ४: तीन ठिकाणचे नमुने

हा टप्पा मी माझ्याच फजितीतून शिकले. मावशीनं कुडाळहून दीड किलो सोलं पाठवली होती. दिवाळीच्या आधी बरणी उघडली तर वर छान लुकलुकणारं मीठ. भिंगानं पाहिलं, चौकोनी खडे. समाधान झालं आणि सगळी सोलं गच्चीवर एका धुतलेल्या चादरीवर पसरली. संध्याकाळी गोळा करताना दोन साली एकमेकींना घट्ट चिकटलेल्या सापडल्या. नखानं सोडवल्या, तर त्यांच्या पोटात करड्या-हिरव्या केसांची गादी. त्या जागेला ना मिठाचं पुट लागलं होतं, ना ऊन. तोवर सगळी सोलं दिवसभर चादरीवर एकत्र लोळली होती. दीड किलो गेली.

म्हणून वर्तमानपत्र पसरा आणि चिमट्यानं साली काढा: दोन वरच्या, दोन मधल्या, दोन तळाच्या. मुद्दाम शोधायच्या त्या या:

- एकमेकींना चिकटलेल्या जोड्या. त्या उलगडून बघायच्याच.
- वाटीसारख्या वळलेल्या साली, ज्यांच्या खोबणीत गर राहून गेलाय.
- बरणीच्या भिंतीला टेकलेल्या, विशेषतः बरणी बाहेरच्या गार भिंतीला लागून असेल तर त्या बाजूच्या.
- बाकीच्यांपेक्षा मऊ लागणाऱ्या. नीट वाळलेली साल वाकवली की चामड्यासारखी वाकते. चिकटपणा आणि लिबलिबीतपणा यांत फरक आहे. पहिला मिठानं येतो, दुसरा कमी वाळवण्यानं.

टप्पा ५: भिंग आणि काडी

निवडलेली साल काळ्या बशीत ठेवा. भिंग डोळ्याजवळ धरा आणि बशी वर उचलून भिंगाखाली आणा. भिंग सालीजवळ धरून स्वतः लांबून बघितलं तर काहीच नीट दिसत नाही, आणि दहातली आठ माणसं असंच बघतात.

मीठ असेल तर कोपरे दिसतील. मिठाचा खडा मुळात घनाकृती, त्यामुळे छोटे चौकोन, कापलेल्या कडा, काही ठिकाणी चौकोनात चौकोन. फार बारीक पूड असेल तर खडे वेगळे दिसत नाहीत, पण रवाळपणा दिसतो. बुरशी असेल तर धागे दिसतील, गुंतलेले, फांद्या फुटलेले. बीजाणू धरलेली असेल तर धाग्यांच्या टोकांना टाचणीच्या डोक्यासारखे ठिपके असतात. धाग्याला कोपरा नसतो आणि खड्याला केस नसतात, एवढं लक्षात ठेवलं तरी चालेल.

धागे दिसले पण ते फार लांब, रेशमी, आणि त्यांत बारीक काळे-तपकिरी दाणे अडकलेत असं वाटलं, तर ती अळीची जाळी आहे. धान्याला लागते तशीच सुक्या मेव्याला आणि सोलांनाही लागू शकते. ही बुरशी नव्हे, पण बरणी खायच्या लायकीची राहिलेली नाही.

आता काडी. दातकोरणीचं टोक पांढऱ्यावरून हलकेच ओढा. मीठ टोकाला खरखरतं, करकरतं, कण सुटून बशीत टिपटिप पडतात. बुरशी दबते, काडीला कापसासारखी गुंडाळली जाते, किंवा धूर उडावा तशी बारीक पूड उडते. तशी पूड उडाली तर तिथेच थांबा. साल वर्तमानपत्रात गुंडाळा, पुढची परीक्षा नको.

> सावधान: बोटानं घासून बघू नका. बोटाच्या घामानं बारीक मीठ विरघळतं आणि बुरशीही चेपली जाते. दोन्ही बोटाला सारखीच लागतात.

टप्पा ६: पाण्याचा थेंब, साक्षीदारासह

बहुतेक जण थेट इथूनच सुरुवात करतात, आणि तीही चुकीच्या पद्धतीनं: साल वाटीभर पाण्यात टाकतात, पांढरं निघून गेलं की "मीठच होतं" म्हणतात. पाण्यात बुरशीही निघून जाते. तरंगते, चेपते, दिसेनाशी होते. विरघळणं आणि धुतलं जाणं यांतला फरक वाटीत कळत नाही.

नीट पद्धत अशी. दातकोरणीनं सालीवरचं पांढरं खरवडून काळ्या बशीत घ्या, तिळाच्या दाण्याएवढं, त्याहून जास्त नको. चार बोटं अंतरावर तेवढंच साधं मीठ ठेवा. दोन्हींवर ड्रॉपरनं एकेक थेंब पाणी सोडा आणि घड्याळ लावा.

प्रमाण इतकं काटेकोर सांगायला कारण आहे. १०० मिलिलिटर पाण्यात साधारण ३६ ग्रॅम मीठ विरघळतं. ड्रॉपरचा एक थेंब म्हणजे ०.०५ मिलिलिटर धरला तर त्यात जेमतेम १८ मिलिग्रॅम मीठ मावतं. चिमूटभर पांढरं घेतलंत तर खरं मीठही पुरतं विरघळणार नाही, आणि तुम्ही चांगली बरणी फेकाल.

थेंब पडतो तो क्षण नीट बघा. मिठावर थेंब लगेच बसतो, कण बुडतात, कडा गोल होत जातात. काडीनं ढवळलं तर एक-दोन मिनिटांत साक्षीदार आणि नमुना दोन्ही नाहीसे होतात. नमुन्याच्या थेंबाला गुलाबी झाक येईल, ती आमसुलाची. बीजाणू धरलेल्या कोरड्या बुरशीवर थेंब पुष्कळदा अळूच्या पानावरच्या पाण्यासारखा गोळी होऊन बसतो. ढवळलं तरी तरंगती लव, गुठळी किंवा धागा उरतोच. दहा मिनिटांनंतरही काही शिल्लक असेल तर भिंगानं बघा. सालीचा तुकडा असेल तर काळाजांभळा दिसेल. करडा, केसाळ असेल तर मीठ नव्हे.

नमुना पाण्यात विरघळला म्हणून बशी धुवायला टाकू नका. अजून एक काम आहे.

वाळवून परत उमटतं का?

दोन्ही थेंब तसेच बशीत ठेवा, मुंग्या येणार नाहीत अशा जागी. रात्रभरात पाणी उडालं की साक्षीदाराच्या जागी चौकोनी खडे आणि पांढरी कड दिसेल. नमुन्याच्या जागीही तसेच चौकोन हवेत. त्यांच्याभोवती गुलाबी-तपकिरी चिकट वर्तुळ असेल तर ते आमसुलातल्या आम्ल-साखरेचं, त्याची काळजी नको. सावकाश वाळलेले खडे मधोमध खोलगट, पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात. भिंगातून ते बघायला मला अजून मजा येते.

खडे उमटलेच नाहीत, नुसता मळकट पापुद्रा राहिला, तर खरवडलेलं पांढरं मीठ नव्हतं.

> तपासा: साक्षीदाराचे खडे उमटलेत का, हे आधी बघा. भर पावसाळ्यात हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांवर असेल तर शुद्ध मिठाचा थेंबही वाळणार नाही. तशा दिवशी नमुन्यावरून काहीच ठरवू नका. बशी गॅसच्या उबेला थोडा वेळ ठेवा किंवा एसी लावलेल्या खोलीत ठेवून परत बघा.

टप्पा ७: निर्णय

तीनही ठिकाणचे सगळे नमुने मीठ निघाले, उलगडलेल्या जोड्या आतून स्वच्छ निघाल्या, वास कुबट नव्हता: बरणी चांगली. काही करायची गरज नाही. फुललेलं मीठ झटकलं तरी चालेल, तसंच ठेवलं तरी चालेल. फक्त सोलकढी किंवा आमटी करताना मीठ शेवटी, चव बघून घाला. वरच्या थरातल्या साली तळातल्यांपेक्षा खारट असतात.

एकाही नमुन्यात बुरशी निघाली तर बरणी गेली. "तेवढी चार सोलं काढून टाकते" हे इथे चालत नाही. कडक चीज किंवा गाजर असेल तर बुरशीच्या भोवतीचा भाग खोलवर कापून उरलेलं वापरता येतं. आमसूल पातळ, मऊ, घड्यांचं, आणि एकमेकांत दाबून भरलेलं असतं. डोळ्याला दिसते ती बुरशीची फुललेली बाजू, धागे सालीत आधीच शिरलेले असतात.

ऊन दाखवून भागतं का? भागत नाही. उन्हानं बुरशी वाळते, दिसेनाशी होते, पण तिनं विष सोडलेलं असेल तर ते जात नाही. प्रत्येक बुरशी विष करतेच असं नाही, पण कोणती करते ते स्वयंपाकघरात कळायचा मार्ग नाही. अफ्लाटॉक्सिन हे त्यातलं सगळ्यांत बदनाम विष. ते मोडायला २०० अंशांच्याही वर तापमान लागतं, आणि आमटीची उकळी १०० अंशांवर थांबते. १९७४ मध्ये राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातमधल्या पंचमहाल भागात पावसात भिजून बुरशी धरलेला मका खाऊन शंभरावर माणसं दगावली होती. तिथे मका रोजचं पोटभर अन्न होतं आणि आपण चार सोलं घालतो, हे खरं. तरीही शे-दोनशे रुपयांच्या सोलांसाठी मी तरी हा हिशोब मांडत बसणार नाही.

टाकताना बरणी हलवू नका, ओतू नका. पिशवी तोंडाला लावून तिच्यात उलटी करा, गाठ मारा, बाहेर टाका. काचेची किंवा चिनी मातीची बरणी साबणानं धुवून, उकळत्या पाण्यानं विसळून, दोन दिवस कडक उन्हात पालथी-उताणी वाळवा. चिनी मातीची बरणी गार असताना एकदम उकळतं पाणी ओतू नका, तडकते. आतून रोगण उडालेली किंवा चिरलेली असेल तर ती पुन्हा सोलांना वापरू नका. प्लास्टिकच्या डब्याला वास धरला असेल तर डबाही जाऊ दे.

आणि संशय राहिला तर? सात टप्पे करूनही राहिला तर टाका.

न करण्याच्या परीक्षा

चाखून बघणं. खारट लागलं म्हणजे मीठ, असं म्हणतात. अहो, आमसूल खारटच लागणार. त्यावर बुरशी असली तरी खारटच लागेल.

तव्यावर टाकून तडतडतं का बघणं. मिठाचे मोठे खडे तडतडतात, बारीक पूड तडतडत नाही, आणि बुरशी असली तर तिचा धूर तुमच्या नाकात.

नोटा तपासायचा जांभळा दिवा मारणं. काही बुरश्या त्यात चमकतात, काही नाहीत, आणि कापडाचा धागा किंवा साबणाचा अंशही चमकतो. यावरून काही ठरत नाही.

तेलाचं बोट फिरवणं. कोणी सुरू केलं माहीत नाही. मीठ तेलात विरघळत नाही, आणि दोन्ही प्रकारचं पांढरं तेलानं सारखंच दिसेनासं होतं.

दुसऱ्या बरण्यांना हे लागू पडतं का?

मीठ लावून ठेवलेल्या चिंचेच्या गोळ्यांना जसंच्या तसं लागू पडतं. चिंचेत रेषा असतात, त्यांना बुरशीचे धागे समजू नका. रेषा जाड आणि तपकिरी असतात.

मनुका, अंजीर, आंबापोळी, जुना मोरावळा यांवर येते ती साखर. तिचे खडे चौकोनीच असतील असं नाही आणि थेंब वाळल्यावर ती खडे न धरता चिकट काचेसारखी राहू शकते, म्हणून तिथे थेंबानंतरची परत उमटण्याची परीक्षा सोडून द्या. भिंग आणि काडी यांवर भर ठेवा.

लोणच्याच्या खारावर किंवा खारातल्या कैऱ्यांवर पांढरी साय धरते तिला यातलं काहीच लावू नका. पातळ पदार्थावर तरंगणारं पांढरं खड्यांचं नसतंच. तिथला प्रश्न यीस्ट की बुरशी असा असतो, आणि त्याची तपासणी वेगळी.

चांगली ठरलेली सोलं परत भरताना

एक कोरड्या हवेचा, कडक उन्हाचा दिवस निवडा. सुती कापडावर एकेरी पसरा. ॲल्युमिनियमच्या परातीत किंवा पत्र्यावर पसरू नका. चिकटलेल्या जोड्या सोडवा, वाटीसारख्या साली उताण्या ठेवा. तीन-चार तास पुरे, मग सावलीत आणून पूर्ण गार होऊ द्या. उन्हातून काढलेली कोमट सोलं बरणीत भरून झाकण लावलं की आत घाम सुटतो, आणि दोन आठवड्यांत तुम्ही परत टप्पा १ वर.

एकाच मोठ्या बरणीऐवजी दोन-तीन लहान बाटल्या भरा. रोजच्या वापराची एक, बाकीच्या बंद. एकीत काही झालं तर सगळं जात नाही. झाकण प्लास्टिकचं किंवा काचेचं घ्या, बरणी बाहेरच्या भिंतीपासून वीतभर लांब ठेवा, आणि ओल्या हातानं सोलं काढणाऱ्या घरच्या माणसाला एक चमचा नेमून द्या. यंदाची नवी सोलं जुन्यांवर ओतू नका. नव्यात ओल जास्त असते आणि ती जुन्यात उतरते.

बाटलीवर चिठ्ठी लावा: कुठून आणली, कोणत्या महिन्यात, मीठ लावलेलं की बिनमिठाची. पुढच्या ऑक्टोबरात पहिला प्रश्न तोच असणार आहे.